वंगणाची पारख

मोटारीच्या तेलावर लिहावयास एक गाण्याचा मास्तर बसला आहे, हे पाहून वाचकांस नवल वाटेल. ज्याने तंबोऱ्याच्या जवारीविषयी चार शब्द लिहावे, त्याने इंजिनाच्या तळाशी साठलेल्या काळ्या तेलात हात का घालावा? पण ज्याचे बालपण ग्वाल्हेरच्या गोरखीत गेले, त्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. आमच्या लष्कर भागात ‘उस्ताद’ ही हाक दोन ठिकाणी मनापासून मारली जाते, गवयाच्या बैठकीत आणि मिस्त्र्याच्या गॅरेजात. दोन्हीकडे कान तयार असावा लागतो. दोन्हीकडे शागीर्दाने पहिली काही वर्षे केवळ उचलठेव करावयाची असते. आणि डब्यावरचे नाव वाचून मालाची किंमत ठरवणाऱ्याला दोन्हीकडे कोणी विचारीत नाही.

आजचा विषय आहे तो एका विशिष्ट गाडीचा. ही गाडी सोमवारपासून शुक्रवारपर्यंत कापडाखाली झाकलेली असते, शनिवार-रविवारी बाहेर पडते, आणि वर्षातून तीन-चार वेळा शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन अंगची सगळी शक्ती पणाला लावते. अशा गाडीत तेल कोणते घालावे? प्रश्न दिसतो दुकानदाराला विचारण्याजोगा. पण त्याचे उत्तर चुकले तर इंजिन जाते, आणि आजकालच्या अशा इंजिनाच्या किमतीत आमच्यासारख्या मास्तराचा संसार काही वर्षे चालेल.

ग्वाल्हेरला हा विषय परका मुळीच नाही. माझे वडील दरबारचे गवई. कोवळ्या वयात ते दरबारात रुजू झाले, आणि १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ऐन तारुण्यात होते. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. दरबार मी पाहिला तो त्यांच्या गोष्टींतूनच. संध्याकाळी आमच्या ओसरीवर जी मंडळी येत, त्यांत मोटारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध शोफर असत. वडील ख्यालाविषयी बोलत आणि ते गाड्यांविषयी. त्यांच्या तोंडी एका गाडीचे नाव देवाच्या नावासारखे येई. ती त्यांच्या जन्माआधीची गाडी. तिच्या कथा त्यांनीही आपल्या उस्तादांकडून ऐकलेल्या.

त्या गाडीचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’. रोल्स-रॉइस कंपनीची ती सहा सिलिंडरांची, ४०/५० अश्वशक्तीची गाडी. तिच्या जातीला ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून जग ओळखते. १९०७ साली याच जातीच्या एका गाडीने ब्रिटनमध्ये १५,००० मैलांची परीक्षा दिली, आणि त्यांतले सलग १४,३७१ मैल ती बिघाडामुळे म्हणून कोठेही थांबली नाही. परीक्षेनंतर गाडी उघडून झिजलेले भाग मोजले, तर दुरुस्तीचा खर्च निघाला दोन पौंडांच्या थोडा वर. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ हिंदुस्थानात आली आणि मुंबई-कोल्हापूरच्या कसोटीत उतरली. सुमारे ६२० मैलांची वाट आणि वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. ही कसोटी तिने जिंकली, आणि मग तिला विकत घेतले ते आमच्या माधवराव महाराज शिंद्यांनी. मराठी मुलखाच्या घाटांत कसाला लागलेली गाडी ग्वाल्हेरच्या मराठी राजाच्या दारी येऊन उभी राहिली. महाराजांना यंत्रांचा षोक किती, हे जयविलास महालातल्या जेवणाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी पाहिली की कळते.

आमचे शोफरकाका सांगत की त्या गाडीचे मोठेपण तिच्या चकाकीत नव्हते, पोटात होते. हे म्हणणे खरे आहे. त्या काळी कित्येक इंजिनांत तेल थेंबाथेंबाने ठिबके आणि जळून वा गळून नाहीसे होई. चालकाने मधूनमधून हातपंपाने नवे तेल द्यावयाचे. रोल्सच्या या इंजिनात पंपाने दाब देऊन क्रँकच्या सातही बेअरिंगांपर्यंत तेल पोचवण्याची सोय होती. घाटाच्या चढावर, मंद वेगात आणि पूर्ण जोरात, जेथे धातूवर धातू घासण्याची भीती सर्वांत अधिक, तेथे तेलाचा पापुद्रा तुटला नाही. शर्यतीच्या गाडीचे मर्म १९०८ साली तेच होते आणि आजही तेच आहे. इंजिनात लोखंड लोखंडावर फिरत नाही. ते तेलावर फिरते. हा पापुद्रा माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, आणि त्याच्यावर सगळा डोलारा उभा असतो.

तेव्हाच्या शर्यतीच्या गाड्यांत कोणते तेल घालीत, हे ऐकून गंमत वाटेल. एरंडेल! आपल्या आजीने चमचाभर पाजलेले, आणि बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून लागलेले तेच. मराठीत निरर्थक लांबणीला एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात. पण एरंडाच्या बीतून जे निघते ते मुळीच निरर्थक नाही. एरंडेलाचे कण धातूला घट्ट धरून बसतात आणि भयंकर उष्णतेतही पापुद्रा सोडीत नाहीत. म्हणूनच पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची फिरती इंजिने एरंडेलावर चालली. चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, ते कॅस्टरवरूनच, म्हणजे आपल्या एरंडावरून. एरंडाच्या पिकात आजही जगात भारताचा क्रमांक पहिला आहे.

पण एरंडेलात एक मोठा दोष होता. शर्यत संपली आणि गाडी उभी राहिली की ते इंजिनात चिकट राळेसारखे बसे, हवेतली ओल धरी आणि आंबट होई. म्हणून शर्यतीनंतर ते ताबडतोब काढून टाकावे लागे. धावताना देवासारखे आणि थांबल्यावर वैऱ्यासारखे, असा त्याचा स्वभाव. शनिवार-रविवारच्या गाडीच्या तेलाची सगळी अडचण या एका उदाहरणात दिसते. या गाडीची आयुष्ये दोन आहेत. एक ट्रॅकवरच्या वीस-वीस मिनिटांच्या आगीचे, दुसरे कापडाखालच्या पाच दिवसांच्या शांततेचे. जे तेल पहिल्या आयुष्यास उत्तम, ते दुसऱ्यास उत्तम असेलच असे नाही. निवड करावयाची ती दोन्ही आयुष्ये डोळ्यांपुढे ठेवून. आणि अनुभव असा की गाडीचे मालक पहिल्याचीच चिंता करतात.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो माझ्या एका शिष्यामुळे. दिवसा दातांचा डॉक्टर, संध्याकाळी माझ्याकडे ख्याल शिकणारा. दहा वर्षे पैसे साठवून त्याने दोन दारांची एक जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी घेतली. त्याचे वडील रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, माझे ज्येष्ठ स्नेही. गाडी दारात आली त्या दिवसापासून ते मुलाशी पैशाविषयी बोलेनासे झाले होते. वाद घालणाऱ्या माणसाचा अबोला फार जड असतो.

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हा ट्रॅक आम्हां ग्वाल्हेरकरांना आग्र्यावरून यमुना एक्स्प्रेसवेने गाठता येतो. लांबी पाच किलोमीटरांहून थोडी अधिक, वळणे सोळा, आणि मागची सरळ धाव एक किलोमीटरहून मोठी. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. हौशी लोकांनाही ठरल्या दिवशी पैसे भरून आपली गाडी तेथे चालवता येते. माझा शिष्य पहिल्यांदा गेला तो केवळ पाहावयास, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या एका मित्राच्या गाडीचे क्रँकचे बेअरिंग उडाले. एका लांब वळणावर तेलाच्या दाबाचा काटा पडला, पुढच्या वळणावर पुन्हा पडला, आणि मग इंजिनातून ठकठक सुरू झाली. गाडीत तेल होते ते दुकानातले सर्वांत महागडे. विमा कंपनीकडून एक पैसा मिळावयाचा नव्हता, कारण शर्यत आणि वेगाची चाचणी यांतले नुकसान आपल्याकडचा मोटारविमा सहसा भरून देत नाही. परतल्यावर तो माझ्याकडे आला तो तंबोरा न लावताच बसून राहिला. “गुरुजी, गाडी विकून टाकू का?” त्याने विचारले. मी म्हटले, “आधी उस्तादांकडे जाऊ.”

आमचे उस्ताद म्हणजे लष्करातल्या एका बोळात तीस वर्षे इंजिने उघडणारे मिस्त्री. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न केला: त्या दिवशी सकाळी पट्टीवर तेल कोठे होते? शिष्याने मित्राला फोन केला. तेल खालच्या खुणेच्या जवळ होते. उस्ताद हसले. “पंडितजी, महंगा तेल डब्बे में किस काम का? चेंबर में होना चाहिए.”

चेंबर म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे पात्र. या पात्राच्या तळाशी एक नळी तेल ओढीत असते. गाडी वेगाने वळली की ताटातली आमटी जशी एका काठाकडे जाते, तसे तेल एका बाजूला चढते. तेल कमी असले तर नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. हवेचा पापुद्रा होत नाही. एका क्षणात बेअरिंग जाते. म्हणून खऱ्या शर्यतीच्या गाड्यांना तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना असते, किंवा निदान पात्रात तेल अडवणारे पडदे बसवलेले असतात. साध्या स्पोर्ट्स गाडीच्या मालकाच्या हाती एक गोष्ट आहे. ट्रॅकवर उतरण्यापूर्वी आणि प्रत्येक फेरीनंतर तेल वरच्या खुणेपर्यंत आहे की नाही हे पाहणे. खुणेच्या वर मात्र भरू नये. वर भरले की क्रँक ते तेल घुसळतो, ताकासारखा फेस होतो आणि पुन्हा हवाच पंपात जाते. हा नियम कोणत्याही नावाच्या तेलाहून मोठा आहे, आणि याला पैसा पडत नाही.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे वळू. ५डब्ल्यू-४० असे लिहिलेले आपण पाहतो. ही वर्गवारी अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेची, एसएईची. तिची सुरुवात १९११ सालची. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा, विंटर. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत तेल किती वाहते ते सांगतो. ५डब्ल्यूची चाचणी शून्याखाली तीस-पस्तीस अंशांवर होते. ग्वाल्हेरात जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा तीन-चार अंशांवर उतरला तर आपण शेकोटी पेटवतो. तेव्हा या आकड्यापायी आपण फार चिंता करण्याचे कारण नाही. आपल्या कामाचा तो दुसरा आकडा. शंभर अंश सेल्सिअसला तेलाचा घट्टपणा किती, हे तो सांगतो. ३० या वर्गात तो ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असावा लागतो, ४० मध्ये १२.५ ते १६.३, आणि ५० मध्ये १६.३ ते २१.९.

मौज पुढे आहे. साधारण ५डब्ल्यू-४० तेल चाळीस अंशांवर, म्हणजे आमच्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेइतके ऊन असताना, शंभर अंशांवरच्या मानाने पाच-सहा पट घट्ट असते. आपल्याला जी होरपळ वाटते, ती तेलाला थंडी. उलट ट्रॅकवर तेलाची उष्णता १२० ते १४० अंशांपर्यंत सहज जाते. १३० अंशांवर तेच तेल शंभर अंशांवरच्या निम्म्याहून जरासेच अधिक घट्ट उरते, म्हणजे आठ सेंटिस्टोकांच्या आसपास. याचा अर्थ असा की रोजच्या रस्त्यावर ३० आकड्याचे तेल जेवढे घट्ट असते, तेवढेही ट्रॅकवर ४० आकड्याचे राहत नाही. ट्रॅकसाठी एक पायरी वरचा आकडा का घ्यावा, याचे कारण एवढेच आहे. फोर्ड कंपनीने हे स्वतः करून दाखवले. मस्टँग जीटी गाडीच्या पाच लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाला कंपनीने ५डब्ल्यू-२० सांगितले. त्याच घराण्यातल्या, ट्रॅकसाठी बांधलेल्या २०१२ च्या बॉस ३०२ गाडीला ५डब्ल्यू-५० सांगितले. पातळ तेलाने पेट्रोल वाचते. ट्रॅकवर पेट्रोल वाचवावयास कोणी जात नाही.

तेव्हा घट्टच घालावे, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘वीस-पन्नास टाका, डोळे मिटून,’ हा सल्ला प्रत्येक नाक्यावर मिळतो. पण घट्ट म्हणजे बळकट, ही समजूत खरी नाही. नव्या इंजिनांतल्या फटी अरुंद असतात. फार घट्ट तेल सुरुवातीला तेथे पोचावयास वेळ लावते, फिरताना स्वतःच घर्षणाने अधिक तापते, आणि झडपांची वेळ बदलणारी जी नाजूक यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते ती गोंधळते. गाणाऱ्यांत आवाज मोठा म्हणजे सूर पक्का असे समजणारे असतात, त्यांतलाच हा प्रकार. इंजिनाच्या पुस्तिकेत ज्या आकड्यांची परवानगी आहे, त्यांच्या आतच वरची पायरी चढावी.

अधिक खोलात शिरावयाचे तर आणखी एक आकडा पाहावा. तो डब्यावर नसतो, तेलाच्या माहितीपत्रकात असतो. १५० अंशांवर आणि वेगाने पिळवटले जात असताना तेल किती घट्ट राहते, याचे ते माप. बेअरिंगच्या फटीत तेलाची जी अवस्था होते, तिच्या जवळ जाणारी चाचणी हीच. ३० वर्गाच्या तेलाने यात निदान २.९ सेंटिपॉइज गाठावे लागतात, ५डब्ल्यू-४० ने निदान ३.५. युरोपातल्या मोटार कारखानदारांच्या संघटनेच्या ए३/बी४ या वर्गातही ३.५ ही किमान अट आहे. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीस ३.५ च्या खाली जाऊ नये, असे आमच्या उस्तादांचे आणि या माहितीपत्रकांचे एकमत आहे, आणि असे एकमत क्वचितच होते.

‘फुल सिंथेटिक’ या अक्षरांविषयीही दोन शब्द. पूर्वी या नावाखाली रसायनशाळेत नव्याने जुळवलेले तेल येई. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींच्या एका तंट्यात निर्णय झाला की खनिज तेलावर जोरदार प्रक्रिया करून शुद्ध केलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल. ते तेलही चांगलेच असते. पण त्यामुळे एकाच नावाखाली निरनिराळा माल बाजारात आला, आणि त्या मोठ्या अक्षरांवरून पारख करणे संपले. पाहावयाची ती बारीक अक्षरे: गाडीच्या कारखानदाराने त्या तेलाला रीतसर मान्यता दिली आहे की नाही. ‘साठी योग्य’ असे तेल विकणारा स्वतः म्हणतो. मान्यता मात्र कारखानदाराकडून परीक्षा देऊन मिळवावी लागते. ख्याल गातो असे कोणीही म्हणेल. कोणाकडे शिकला, हे विचारावे.

हे सर्व झाले पहिल्या आयुष्याचे. दुसरे आयुष्य अबोल आहे, आणि गाडी बहुधा त्यातच बिघडते. पेट्रोल जळले की पाण्याची वाफ होते. बरीचशी धुराबरोबर जाते, पण थोडी पिस्टनच्या कडेने निसटून तेलात उतरते. तिच्याबरोबर न जळलेले पेट्रोल आणि आम्लेही. इंजिन पुरते तापले तर पाणी उडून जाते. न तापताच बंद केले तर ते आतच राहते, तेलात मिसळते, गंज आणते. आमच्या गल्लीतले कित्येक सद्गृहस्थ दर दोन दिवसांनी खाली येऊन पाच मिनिटे गाडी सुरू करतात आणि समाधानाने वर जातात. त्यांनी गाडीला औषध म्हणून पाणी पाजलेले असते. काचेवरचा उष्णतेचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो तो इंजिनाभोवतीच्या पाण्याचा. तेल पुरते तापावयास पंधरा-वीस मिनिटे लागतात. म्हणून गाडी बाहेर काढावी तर निदान अर्धा तास, झाशीच्या रस्त्याने मोकळी धावू द्यावी. नाही तर झाकलेलीच ठेवावी. आणि तेल गरम होईपर्यंत इंजिनाला जोर करावयास लावू नये. पहिल्या पाच मिनिटांत तार सप्तकात जाणाऱ्या गळ्याचे काय होते, ते मी रोज पाहतो.

याच कारणासाठी केवळ शर्यतीचे म्हणून विकले जाणारे तेल अशा गाडीत घालू नये. त्यात घर्षण रोखणारी द्रव्ये भरपूर असतात. पण मळ धुणारी, आम्ल मारणारी आणि गंज रोखणारी द्रव्ये बेताची असतात, कारण शर्यतीनंतर ते काढून टाकावयाचे असते. ते एरंडेलाचेच आधुनिक भावंड म्हणावे. पाच दिवस उभ्या राहणाऱ्या इंजिनाला असे तेल लागते की जे आम्ल आल्यावर त्याला मारील आणि मळ आपल्यात धरून ठेवील. काळे झालेले तेल वाईट असे लोक समजतात. पुष्कळदा ते काळे असते कारण ते आपले काम करीत असते.

तेव्हा आमच्या डॉक्टरांची निवड झाली ती अशी. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी बनवलेले, कारखानदाराची मान्यता असलेले, पुस्तिकेतल्या परवानगीतले ५डब्ल्यू-४०, १५० अंशांवरचे माप ३.५ च्या वर. दुकानातल्या तीन डब्यांत ते किमतीने मधले होते. त्याच्याबरोबर पाच नियम आले. ट्रॅकवर तेल वरच्या खुणेपर्यंत. तेलाची उष्णता दाखवणारा काटा बसवून घ्यावयाचा, आणि तो १३० च्या पुढे जाऊ लागला की फेरी सोडून एक चक्कर सावकाश मारून बाहेर यावयाचे. दोन ट्रॅक-दिवसांनंतर तेल आणि फिल्टर बदलावयाचे. धाव किती झाली हे न पाहता वर्षातून एकदा तरी बदलावयाचेच. आणि खरेदी ओळखीच्या दुकानातून, झाकणाची मोहोर पाहून; रिकामा डबा फोडूनच टाकावयाचा, कारण नामांकित डब्यांत भलतेच तेल भरून विकणारे आपल्या देशात आहेत. काढलेले जुने तेल उस्तादांच्या पिंपात जाते आणि तेथून परवानाधारक माणसाकडे. आमच्या स्वर्णरेखेत काळे पाणी आधीच पुष्कळ आहे.

उस्तादांनी आणखी एक युक्ती सांगितली. तेल बदलताना धार मध्यावर आली की बाटलीभर नमुना धरावा आणि तो प्रयोगशाळेत पाठवावा. तेलात लोखंड, तांबे, शिसे यांचे कण दहा लाखांत किती, पेट्रोल किती मिसळले, घट्टपणा किती उरला, हे सगळे एका कागदावर लिहून येते. इंजिन न उघडता त्याच्या पोटातले कळते. बेअरिंग झिजू लागले तर तांबे आणि शिसे आधी बोलतात, ठकठक मागाहून येते.

दोन ट्रॅक-दिवस झाले, नमुना गेला आणि कागद आला. डॉक्टर तो घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे वडील माझ्याच खोलीत बसले होते. मुलाने काही न बोलता कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, आणि आयुष्यभर ज्या डोळ्यांनी रेल्वेचे रकाने तपासले त्याच डोळ्यांनी एकेक आकडा वाचला. लोखंड किंचित, तांबे किंचित, शिसे नावापुरते, पेट्रोल मर्यादेत, घट्टपणा ४० च्या वर्गातच. शेजारी मुलाने आपल्या हाताने दर फेरीची तारीख, तेलाची उष्णता, पट्टीवरची खूण आणि झालेला खर्च लिहिलेला होता. मुलगा गाडी उधळीत नव्हता, सांभाळीत होता, हे त्या कागदाने त्यांना सांगितले. मी सांगून ते पटले नसते.

“हिशेब चोख आहे,” ते म्हणाले. मग कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि मुलाकडे पाहून विचारले, “पुढची तारीख कधीची? मला आग्र्यापर्यंत तरी बसवून ने.”